स्पीकरमधली घूं-घूं आणि तिसरी पिन

एप्रिल उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. हिवाळ्यात गिझर, पावसाळ्यात भिंतींची ओल, आणि उन्हाळ्यात, विशेषतः जळगाव-धुळ्याच्या वाचकांकडून, एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत येते. कूलर लावला की होम थिएटर घूं-घूं करतं. पंखा कमी केला की स्पीकरमधून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज येतो. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की अब्बांना रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत. मेहरूणच्या एका भगिनीने लिहिलंय की रात्री घर शांत झाल्यावर मोबाईल जोडून हळू आवाजात तिलावत ऐकायला बसलं, तर तिलावतीपेक्षा घूं-घूंच जास्त कानावर येते.

आणि धुळ्याच्या देवपुरातून एका भावाने तक्रार नव्हे, उपाय पाठवलाय. त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीने प्लगची वरची जाड पिन काढून टाकली आणि आवाज क्षणात बंद झाला. "हा सोपा उपाय सर्व वाचकांना सांगा," असं ते लिहितात.

हा उपाय आम्ही सांगणार नाही. आवाज बंद होतो हे खरं आहे, पण तो ज्या किमतीत बंद होतो ती किंमत कुठल्याही घराला परवडणारी नाही. म्हणून या महिन्यात ही घूं-घूं म्हणजे नेमकं काय, ती कुठून येते आणि पिनेला हात न लावता ती कशी घालवायची, ते सविस्तर पाहू.

आवाज ओळखा, अर्धं काम झालं

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि तिचं चक्र सेकंदाला ५० वेळा पूर्ण होतं. यालाच ५० हर्ट्झ म्हणतात. ही ५० ची लय कुठल्याही वाटेने स्पीकरमध्ये शिरली की जाड, खालच्या पट्टीतला एकसारखा सूर ऐकू येतो. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला इतका खालचा सूर काढताच येत नाही, पण होम थिएटरच्या मोठ्या वूफरला तो उत्तम जमतो. म्हणून पेटी जितकी चांगली, तितकी घूं-घूं मोठी.

पण प्रत्येक आवाज हा असाच नसतो. कान देऊन ऐकलं तर फरक कळतो.

एकसारखी जाड घूं, जी वायर हलवली किंवा दुसरं उपकरण जोडलं की बदलते, ती बहुधा अर्थिंगची किंवा सिग्नलच्या वायरची.

त्याहून जरा चढी, किरकिरी घूं, जी आवाज शून्यावर नेला आणि सगळ्या वायरी काढल्या तरी तशीच राहते, ती ॲम्प्लिफायरच्या पोटातली. आत विजेचं रूपांतर एकाच दिशेच्या प्रवाहात होतं तेव्हा सेकंदाला १०० लाटा तयार होतात आणि त्या सपाट करायचं काम मोठे कपॅसिटर करतात. हे कपॅसिटर उष्णतेने वर्षागणिक आतून सुकतात. खानदेशच्या उन्हाळ्यात, बंद कपाटात कोंबलेल्या पेटीत ते लवकर सुकतात. कपॅसिटर बदलून घेणं हे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याचं नेहमीचं काम आहे. पेटी स्वतः मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते.

मधमाशीसारखा झिर्र आवाज, जो पंख्याच्या वेगाबरोबर बदलतो, तो रेग्युलेटरचा. गोल फिरवून वेग हवा तसा कमी-जास्त करणारा रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून पंख्याला कमी वीज देतो. त्या कापाकापीचे पडसाद सगळ्या वायरिंगमध्ये पसरतात. खटखट करत एकेक पायरी बदलणारा, कपॅसिटरवर चालणारा स्टेप रेग्युलेटर लाट कापत नाही. तो बसवला की हा आवाज जातो.

रेडिओवरची सततची खरखर, विशेषतः मिडियम वेव्हवर, ही बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्ब आणि चार्जर यांची असते. त्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि तिची धूळ मिडियम वेव्हच्या ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उडते. एफएमवर हा त्रास फार कमी जाणवतो, कारण त्याची पद्धतच वेगळी आहे.

मधूनच येणारा चट्-चट् आवाज हा ठिणगीचा. मिक्सर आणि शिलाई मशीनच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात आणि ते झिजले की ठिणग्या वाढतात. पण मिक्सर-मशीन बंद असतानाही चट्-चट् येत असेल, तर कुठला तरी स्विच, होल्डर किंवा सॉकेट आतून सैल आहे. सैल जोड तापतो आणि तापलेला जोड आग लावतो. हा आवाज कानाआड करू नका.

आणि मोबाईल जवळ ठेवला की कॉल यायच्या आधी होणारं टिट्-टिरिट्, ते जुन्या टू-जी पद्धतीचं. त्यात फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा थोडं थोडं प्रक्षेपण करतो आणि ॲम्प्लिफायर ते पकडतो. फोन हातभर लांब ठेवा, एवढाच उपाय.

दोन अर्थिंगचा झगडा

आता मूळ तक्रारीकडे येऊ. बऱ्याच घरांत टीव्हीला केबलवाल्याची वायर आलेली असते. त्या वायरीच्या बाहेरच्या जाळीला केबलवाल्याचं अर्थिंग असतं, कुठेतरी गल्लीच्या टोकाला. होम थिएटरला आपल्या घराचं अर्थिंग असतं, अंगणातल्या खड्ड्यातलं. टीव्ही आणि होम थिएटर ऑडिओ वायरीने जोडले की ही दोन अर्थिंग एकमेकांना जोडली जातात.

जमीन सगळीकडे एकच आहे असं आपण मानतो. विजेच्या दृष्टीने ती तशी नसते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये एखाद्या व्होल्टचा, कधी त्याहून जास्त फरक असू शकतो. ऑडिओ वायरीतून जाणारा खरा आवाजच मुळी एका व्होल्टच्या आतला असतो. मग हा फरक त्या वायरीच्या जाळीतून वाहू लागला, की ॲम्प्लिफायर त्यालाही आवाज समजतो आणि इमानदारीने मोठा करून ऐकवतो. जगभर याला ग्राउंड लूप म्हणतात.

कूलर लावल्यावर घूं-घूं का वाढते, याचं उत्तर इथेच आहे. कूलरची मोटर जुनी झाली, पंपाच्या वायरीचा जोड ओला झाला, की थोडी वीज पत्र्याच्या अंगातून अर्थिंगच्या वायरीत गळू लागते. त्याच वायरीवर होम थिएटर आहे. गळती वाढली की दोन अर्थिंगमधला फरक वाढतो आणि स्पीकर ओरडतो. म्हणजे स्पीकर बिघडलेला नाही. कूलरमधून वीज गळते आहे, हे कदाचित तो आपल्याला सांगतोय.

आता तिसरी पिन काढली तर काय होतं? साखळी तुटते, आवाज थांबतो. गळती मात्र तशीच राहते. फक्त ती सांगणारा गप्प बसलेला असतो.

तिसरी पिन कशासाठी असते

प्लगची ती वरची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की प्लग खोचताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट देणं, एवढंच तिचं काम. ती नसेल तर ती वाट आपल्या हातापायांतून जाते.

होम थिएटरची पिन कापली आणि आत फेज वायर बॉडीला टेकली, तर २३० व्होल्ट त्या पत्र्यावर आणि ऑक्स वायरीतून थेट हातातल्या मोबाईलपर्यंत येऊ शकतात. आणि एकदा घरात हा "उपाय" रुजला की तो होम थिएटरपुरता राहत नाही. उद्या कूलर झटका देतो म्हणून कोणी कूलरचीही पिन काढतं. लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी लेकरं. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे उन्हाळ्यात वाचायला मिळतात, त्या अशाच घरांतल्या असतात.

पिन शाबूत असूनही धोका राहतो, तो असा. अंगणातल्या अर्थिंगचा अडथळा २० ओहम आहे असं धरा. कूलरच्या बॉडीत फेज उतरला, तर २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा अँपिअर वीज जमिनीत जाईल. १६ अँपिअरची एमसीबी त्याला साधा भार समजेल आणि पडणार नाही. कूलर चालूच, पत्रा जिवंतच. अडथळा २ ओहमचा असेल तर हीच वीज शंभर अँपिअरच्या वर जाते आणि एमसीबी तत्काळ पडते.

म्हणून मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. जुने वायरमन हिच्या आधीच्या भावंडाच्या नावाने तिला ईएलसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत एवढासा फरक पडला तरी ती क्षणाच्या आत सगळं तोडते. एमसीबी वायरीला वाचवते, आरसीसीबी माणसाला. तिच्यावर एक छोटं टेस्ट बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबल्यावर ती पडली नाही, तर ती निव्वळ शोभेची आहे.

काळ्या मातीची गोष्ट

तापी-गिरणेच्या काठची आपली काळी माती कापसाला जितकी चांगली, तितकीच पावसाळ्यात अर्थिंगलाही चांगली. ओली असताना ती वीज झटकन शोषून घेते. पण एप्रिल-मे महिन्यांत तीच माती आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती पाइप सोडून मागे सरते. पारा ४४-४५ वर असतो, घरोघरी कूलर सुरू असतात आणि नेमकं तेव्हाच अर्थिंग सर्वांत कमजोर झालेलं असतं. उन्हाळ्यात घूं-घूंची पत्रं वाढण्याचं हेही एक कारण.

उपाय जुनाच आणि स्वस्त आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी टाका. वुजू किंवा भाज्या धुतल्याचं पाणीही चालेल, साबणाचं टाळा. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून बरीच वर्षं झाली असतील, तर पाइप गंजला नाही ना, वायरीचा जोड हिरवा पडला नाही ना, हे वायरमनला दाखवा. नवं घर बांधताना खड्डा मोरीच्या पाण्याजवळ घेतला तर माती आपोआप ओली राहते.

शोध घ्यायचा क्रम

आता घूं-घूं प्रत्यक्ष कशी शोधायची ते पाहू. घाई न करता एका सुट्टीच्या सकाळी हे करता येतं आणि बहुतेक वेळा पैसाही लागत नाही.

पहिलं. होम थिएटर एकटंच चालू ठेवा, मागच्या सगळ्या ऑडिओ वायरी काढा. घूं-घूं तशीच असेल तर दोष पेटीत, दुरुस्तीवाल्याकडे न्या. थांबली तर दोष बाहेर.

दुसरं. एकेक वायर परत लावा. जिच्यामुळे आवाज आला ती वायर बाजूला ठेवून दुसरी लावून पाहा. स्वस्त ऑक्स वायरीची जाळी टोकाशी तुटलेली असते आणि टोक हलवलं की आवाज बदलतो.

तिसरं. टीव्ही जोडल्यावर आवाज येत असेल, तर टीव्हीमागची केबलची वायर काढून पाहा. आवाज गेला, तर दोन अर्थिंगचा झगडा पक्का. लॅपटॉपवरून येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर चोर चार्जरच्या वाटेने येतो.

चौथं. सगळी ऑडिओ उपकरणं एकाच चांगल्या बोर्डावर घ्या, कूलर-फ्रिज दुसऱ्या सॉकेटवर. एक्स्टेंशन बोर्ड नीट पाहा. बाजारात तीन छिद्रांचे असे बोर्ड सर्रास मिळतात ज्यांच्या वायरीत दोनच तारा असतात. वरून थ्री-पिन, आतून अर्थिंगच नाही. वायर जाड, तीन तारांची आहे का, हे विचारूनच घ्या.

पाचवं. ऑडिओच्या वायरी विजेच्या वायरींबरोबर गुंडाळून ठेवू नका. वेगवेगळ्या वाटेने न्या. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा.

सहावं. तरीही झगडा राहिला तर पिन कापू नका, साखळी दुसरीकडे तोडा. दुकानात ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी काही शे रुपयांत मिळते. तिच्या आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, तारेचा संबंध मात्र तुटतो. ती ऑडिओ वायरीच्या मध्ये लावायची. टीव्ही आणि होम थिएटर दोन्हींना ऑप्टिकलची जागा असेल तर त्याहून बरं. त्या वायरीतून उजेड जातो, वीज जात नाही, म्हणून घूं-घूंला वाटच उरत नाही. ब्लूटूथनेही तेच साधतं.

रेडिओच्या खरखरीसाठी रेडिओच कामाला लावा. बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावा आणि घरभर फिरा. ज्या बल्बपाशी, ज्या चार्जरपाशी खरखर वाढते तो गुन्हेगार. तो बंद करून खात्री करा आणि बदला.

इन्व्हर्टर सुरू झाल्यावर आवाज येत असेल, तर तो बहुधा स्क्वेअर वेव्ह जातीचा आहे. तो गोलसर लाटेऐवजी चौकोनी लाट देतो आणि त्या चौकोनाच्या कोपऱ्यांतून ५० च्या विषम पटीतले, म्हणजे १५०, २५०, ३५० हर्ट्झचे सूर निघतात. पंखेही त्यावर गुणगुणतात. पुढच्या वेळी घेताना प्युअर साइन वेव्ह मागा. तोवर रेडिओ सेलवर ऐका.

आखातातून आलेली पेटी

आपल्यापैकी अनेकांकडे मामू, भाईजान किंवा जावईबापूंनी आखातातून आणलेली पेटी असते. तिच्याबद्दल दोन गोष्टी. दुबई, कुवेत, कतार, ओमान इथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे, पण सौदी अरबमध्ये ती ६० हर्ट्झची असते आणि तिथल्या जुन्या घरांत १२७ व्होल्टही असत. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला लोखंडी ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो आणि स्वतःच गुणगुणतो. तो आवाज स्पीकरमधून नाही, पेटीच्या पत्र्यातून येतो. मागची पट्टी वाचा. "१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असं लिहिलं असेल तर निर्धास्त लावा. फक्त ११० किंवा १२७ लिहिलं असेल तर थेट सॉकेटला लावू नका, जळेल.

दुसरी गोष्ट, तिकडच्या चौकोनी पिनांसाठी आपण जो स्वस्त ॲडॅप्टर वापरतो, त्यातल्या अनेकांत अर्थिंग पुढे जातच नाही. त्यापेक्षा वायरमनकडून वायरीला आपला थ्री-पिन प्लग बसवून घ्या.

तीन खुणा, ज्यांवर थांबायचं नाही

कूलर, फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर "आपल्याकडे थोडं येतंच" म्हणून सोडून देऊ नका. मेनस्विच बंद करा, वायरमन बोलवा. कूलरमध्ये पाणी भरताना नुसता स्विच नाही, प्लगच काढा.

घूं-घूं कमी-जास्त होताना घरातले काही दिवे भडकत आणि काही मंदावत असतील, तर न्यूट्रल सुटण्याच्या बेतात आहे. तो सुटला तर घरात २३० च्या खूप वर व्होल्टेज येऊन सगळी उपकरणं जळू शकतात. मेन बंद करून महावितरणला १९१२ वर कळवा.

आणि स्विचबोर्ड गरम लागत असेल, जळका वास येत असेल, तर त्या बोर्डावरचं काहीही वापरू नका.

देवपूरच्या भावाला आमची विनंती आहे की, त्या प्लगच्या जागी नवा थ्री-पिन प्लग बसवून घ्या. तो चाळीस-पन्नास रुपयांचा असतो. मग केबलची वायर काढून पाहा, कूलर बंद करून पाहा. घूं-घूं कूलरबरोबर जात असेल तर आधी कूलर दाखवा, मग आयसोलेटर आणा. आणि त्या मिस्त्रींनी आणखी कुणाकुणाच्या घरी हा "सोपा उपाय" केला असेल, तिथेही हा अंक पोचवा. उन्हाळ्याचे अजून दोन महिने बाकी आहेत.